अंतराळातली छोटी लाईन

आमच्या घरच्या अंतराळात दोन यानं समोरासमोर आली, तर ती एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. एकाला टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. मी शाळेत गणित शिकवते. लग्न होऊन वर्ध्याहून बालाघाटला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात नवऱ्याला समजावून सांगितलं होतं, की अहो, अंतराळाला वर आहे, खाली आहे, डावं आहे, उजवं आहे, बाजूने निघून जा ना! गुणाकरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "अन् गोळा?"

हा गोळा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. माझे सासरे छोट्या लाईनवर टेशन मास्तर होते. छोटी लाईन म्हणजे अरुंद रुळांची गाडी, बालाघाटहून जंगलातून रमतगमत नैनपूरकडे जायची. आता ती राहिली नाही, मोठी लाईन आली. त्या गाडीचा रूळ एकच. जाणारी त्यावरूनच आणि येणारीही त्यावरूनच. म्हणून दोन टेशनांच्या मधल्या रुळासाठी एका वेळी एकच लोखंडी गोळा यंत्रातून बाहेर निघायचा. मास्तरने तो ड्रायव्हरच्या हातात दिला तरच गाडी सुटणार. गोळा ज्याच्याजवळ, रूळ त्याचा. गुणाकर लहानाचे मोठे झाले ते प्लॅटफॉर्मवर. दोन गावांच्या मध्ये एकच रूळ असतो, ही गोष्ट त्यांना इतकी पक्की माहीत होती की दोन ग्रहांच्या मध्ये आणखी काही असू शकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

ते कॉलेजात असताना भिलाईहून त्यांचा मामेभाऊ आला होता. त्याच्याजवळ एका परदेशी खेळाचं पुस्तक होतं. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे अंतराळयानांचे कप्तान. यान कसं जातं त्याचे नियम, यानांची लढाई कशी होते त्याचे नियम. मामेभाऊ दोन दिवसांनी परत गेला आणि पुस्तक घेऊन गेला. त्यातलं इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं नाही. मग गुणाकर आणि त्यांचा भरवेलीचा मित्र हेमराज, या दोघांनी उरलेलं स्वतःच्या अकलेने भरून काढलं. एकाचा बाप रेल्वेत, दुसऱ्याचा मॅंगनीजच्या खाणीत. अक्कल तरी दुसरीकडून कुठून येणार?

प्रवासाचे नियम रेल्वेवाल्याच्या पोराने केले आणि लढाईचे खाणवाल्याच्या. यानात चालक, फायरमन आणि शेवटच्या डब्यात गार्ड. गार्डाने झेंडी दाखवल्याशिवाय यान हलणार नाही. इंधनाला कोळसाच म्हणायचं. जो गोष्ट चालवतो तो 'कंट्रोल', आणि कंट्रोलशी बोलायचं हिंदीत, कारण रेल्वेचं सगळं हिंदीत. लढाई फक्त टेशनात, कारण वाटेत कुणी कुणाला भेटूच शकत नाही. आणि तोफ डागायच्या आधी भोंगा वाजवायचा. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा होतो, माणसं लांब जातात, मगच धडाम. म्हणून यानातही भोंगा, मग शत्रूची एक पाळी, पळायचं असेल तर पळ, आणि त्यानंतर तोफ.

"म्हणजे दुश्मनाले आधी सांगता?" मी नवी नवरी, तरी राहवलं नाही. "भाऊ, सरक बापा, मारून राह्यलो?"

"मंग? न सांगता कोणी उडवते का?" गुणाकर खरंच गोंधळले होते. "आत माणसं असतात ना."

मी कपाळावर हात मारला आणि कूकर लावला.

पुढे हेमराजभाऊ नोकरीला मलाजखंडला गेले आणि खेळ माळ्यावर गेला. तो खाली आला आमच्या लेकीच्या, ओवीच्या काविळीत. आठ वर्षांची पोर, महिनाभर अंथरुणात, उसाच्या रसाला कंटाळलेली, रोज रडणारी. एका दुपारी गुणाकरांनी एक जुनी चादर पसरली आणि तिच्यावर खडूने रूळ काढले. खडू पुसला जायचा, तशी पोरगी जास्तच रडायची. शेवटी मीच सुईदोरा घेऊन ते रूळ टाक्यांनी शिवले आणि टेशनांच्या जागी बटणं लावली. माझा या खेळाशी संबंध तेवढाच. मी कधी खेळले नाही. आपल्याला असले रिकामे उद्योग जमत नाहीत.

धाग्याचं रीळ म्हणजे ओवीचं यान. नाव तिनेच ठेवलं, 'चिऊ एक्सप्रेस'. चिंचोके म्हणजे कोळसा. गोळ्याच्या जागी सागरगोटा. चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या स्वेटरचं मोठं निळं बटण होतं, तिथे चिऊ एक्सप्रेसला पोहोचायचं होतं. त्या टेशनाचं नाव लांबगाव.

कावीळ उतरली, खेळ उतरला नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की चादर पसरली जायची. मी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत ऐकत असे. आणि खरं सांगते, गुणाकर कंट्रोल झाले की वेगळाच माणूस व्हायचे. ऑफिसात सिंचनाच्या फायलींखाली दबलेला, घरात 'मीठ दे' आणि 'पाणी दे' याखेरीज शब्द न खर्चणारा हा गृहस्थ एकदम वीस आवाजांत बोलायचा. एका टेशनाचा मास्तर सर्दीने बेजार, नाकातून बोलणारा. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर बकऱ्याच बकऱ्या, त्या हाकलल्याशिवाय यान लागत नसे. कुठे चहा इतका गोड की फायरमनच्या दाढा दुखायच्या. एकदा लुटारूंनी चिऊ एक्सप्रेस घेरली. ओवीने तोंडाभोवती हात धरून असा भोंगा वाजवला की शेजारच्या पौर्णिमावहिनी धावत आल्या, काय झालं म्हणून. ते दिवस आठवले की आजही मला हसू येतं. पोरगी मांडी घालून बसलेली, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले, आणि बाप तिच्यासमोर हात जोडून म्हणतोय, "कप्तान साहेब, रहम करो."

फक्त लांबगाव काही येत नव्हतं. एक टेशन उरलं की कंट्रोलला काहीतरी सुचायचंच. कधी पुलाखालची माती वाहून गेली, कधी कोळसा ओला निघाला, कधी लुटारू. मग चिऊ एक्सप्रेस माघारी, पुन्हा रूळ, पुन्हा टेशनं. ओवी दहावी झाली, बारावी झाली, इंदूरला शिकायला गेली. सुटीत आली की आधी चादर. लांबगाव मात्र होतं तिथेच.

इंदूरच्या हॉस्टेलात तिने मैत्रिणींना हा खेळ शिकवला. त्या आधी पोट धरून हसल्या. अंतराळात एकच रूळ? भोंगा? मग खेळायला बसल्या आणि रात्रीचं जेवण विसरल्या. समोरून यान येतंय आणि आपण वाट सोडायची की त्याने, हे ठरवता ठरवता दोघींचं भांडण झालं म्हणे. शिकून झाल्यावर ओवीने खेळ तयार करायच्याच कामात नोकरी शोधली, बालाघाटला घरूनच करता येणारी. मागच्या महिन्यात हेलसिंकीच्या एका कंपनीने तिला मुलाखतीत विचारलं, तुम्ही केलेला एखादा नियम सांगा. तिने रूळ आणि भोंगा सांगितला. माझ्या बाबांनी आणि हेमराजकाकांनी केलाय, हेही सांगितलं. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तिला तिकडेच नोकरीला बोलावलं.

गुणाकरांना केवढा आनंद झाला! मलाजखंडला फोन लावून हेमराजभाऊंना मोठमोठ्याने सांगितलं, "अबे, आपला भोंगा फॉरेनले चालला!" मग जेवायला बसले, आणि पहिल्या घासाला विचारलं, "हे हेलसिंकी कोठी येते?" ओवीने फोनवर नकाशा दाखवला. त्यांनी तो बोटाने सरकवत सरकवत पाहिला, बालाघाटपासून तिथपर्यंत. भात तसाच राहिला.

त्या दिवसापासून मूग गिळून बसले. ओवीने विचारलं, "बाबा, मी हौ म्हणू का?" तर म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'नाही' म्हणायचं धैर्य नसलं की 'पाहू' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाहू, तिसऱ्या दिवशी पाहू. मधल्या वेळात न गळणारा नळ दुरुस्त केला आणि तो गळायला लागला.

मी ओवीला म्हटलं, "तू सव्वीस वर्षांची घोडी, तुले कोणाची परवानगी लागते? मी म्हणते ना, जाय."

"आई, त्याईनं बाबाच्या खेळावर मले बोलावलं," ती म्हणाली. "बाबाच हौ नाही म्हणत तर मी कशी जाऊ? मी नाही जात मग." आणि खालचा ओठ बाहेर काढून बसली, अगदी काविळीत बसायची तशी. हट्टी कार्टी. खाण तशी माती म्हणतात, पण इथे खाण मी नव्हे, तो नळ दुरुस्त करणारा.

उत्तर द्यायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. आज रविवार. सकाळी मी चिन्नोरचा भात केला, वांग्याची भाजी केली. कुणी चवीने जेवलं नाही. मी मनातून दोघांवर इतकी चिडले होते की ताटं जरा आपटूनच उचलली. परत येऊन बघते तर ओवीने चादर पसरलेली.

रीळ शेवटच्या आधीच्या टेशनावर ठेवलं, चिंचोके समोर मांडले आणि बापाकडे न बघता म्हणाली, "कंट्रोल, चिऊ एक्सप्रेस बोल रही हूँ. लांबगाव के लिए लाईन चाहिए."

गुणाकर दारातच उभे होते. जातील निघून, असं मला वाटलं. पण कंट्रोल म्हणून हाक आली की हा माणूस थांबतो. ते येऊन समोर बसले. सागरगोटा उचलून मुठीत घेतला.

"लाईन बिझी है," ते म्हणाले. "लुटारूंचं यान उभं आहे."

"कोठी?"

"मधातच. रुळावर."

"मधात कसं येईल? गोळा तर तुमच्या हातात आहे. बिना गोळ्याचं कोणी लाईनवर जाऊच शकत नाही. नियम तुमचाच आहे, बाबा."

पलंगावर बसून घालत होते ती घडी माझ्या हातातच राहिली. इतक्या वर्षांत गुणाकरांनी स्वतःचा नियम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला. तेही ओशाळले.

"बरं. मंग टेशनातच आहे, तुह्या बाजूले. तोफा लावून."

ओवीने तोंडाभोवती हात धरले आणि भोंगा वाजवला. सव्वीस वर्षांची बाई, पण आवाज तोच. पौर्णिमावहिनी आता धावत येत नाहीत, सवय झाली. "लुटारूंची पाळी," ती म्हणाली. "थांबतात का जातात?"

गुणाकरांनी फासे टाकले. पाच आणि सहा, म्हणजे पळायचा आकडा. त्यांनी ते बराच वेळ बघितले, पुन्हा टाकावेत असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण फाशाशी बेइमानी करणारा माणूस नाही तो. "गेले," ते म्हणाले. "पण तुह्यापाशी कोळसा नाही पुरत."

"आहे. मोजा." तिने चिंचोके पुढे सरकवले. "मागच्या दिवाळीपासून वाचवून राह्यली."

त्यांनी मोजले. पुरेसे होते, वर दोन उरत होते.

"गार्ड बिमार आहे," ते म्हणाले.

"दुसरा द्या."

"दुसरा नाही. गार्डाबिना नाही निघत यान." या वेळी नियमात बसत होतं. आता ते जरा ताठ बसले. घोडं इथे पेंड खाणार हे बघून ओवीचे डोळे भरले. तिने मान खाली घातली, टाक्यांवरून बोट फिरवायला लागली. मी घातलेल्या टाक्यांवरून.

मला सगळं दिसत होतं. हा माणूस पोरीला नाही म्हणत नव्हता, आणि हो म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती, आणि पोरगी तेवढ्यासाठी आपलं आयुष्य रोखून बसली होती. बाहेर ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. माझ्या हातात गुणाकरांचा घडी केलेला सदरा होता, तो मी पलंगावर फेकला आणि खाली चादरीपाशी जाऊन बसले.

"गार्ड मी आहे," मी म्हटलं.

"तू?"

"हौ, मी. काहून? बाईमाणूस गार्ड नसते का?"

"तू तर खेळत नाहीस."

"आज खेळून राह्यली."

"नियम येतात का तुले?"

"इतके वर्षं तेच ऐकून राह्यली ना मी!" माझा आवाज चढला. "अंतराळाले वर-खाली नसते. गोळ्याबिना निघाचं नाही. भोंग्याबिना माराचं नाही. एकानं बाजूले उभं राह्यलं तरच दुसरं जाते. अजून का? विचारा!"

ते सागरगोटा जमिनीवर घासत राहिले, मागे-पुढे, मागे-पुढे, लहान मुलं एकमेकांना चटका द्यायला घासतात तसा. सांगायला आता काही उरलं नव्हतं. पूल धड होता, कोळसा पुरेसा होता, लुटारू पळाले होते आणि गार्ड समोर फतकल मारून बसली होती. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि सागरगोटा ओवीच्या तळहातावर ठेवला.

"आई गं! किती गरम आहे," ती म्हणाली, पण मूठ मिटून घेतली.

मी झेंडी म्हणून पदराचं टोक हलवलं. माझी साडी हिरवी नव्हती, तरी कंट्रोलने हरकत घेतली नाही. ओवीने एका बोटाने रीळ ढकललं. टाक्यांवरून ते हळूहळू गेलं आणि निळ्या बटणाला लागून थांबलं. इतकंसं अंतर. माझ्या वीतभराएवढंही नाही.

"कंट्रोल," ओवी म्हणाली. "चिऊ एक्सप्रेस लांबगावले पोचली. आता सांगा. लांबगाव कसं आहे?"

गुणाकर बटणाकडे बघत राहिले. मी वाट पाहत होते, की आता मास्तर खोकेल, बकऱ्या येतील, काहीतरी होईल. या माणसाला प्रत्येक टेशनाची खडान्खडा माहिती, तिथल्या मास्तरच्या सासूचं नावसुद्धा.

"मले नाही माहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे... कधी विचारच नाही केला. मले वाटे, पोचलं का खेळ सरते." त्यांनी चष्मा काढला आणि तो बनियनच्या कडेने पुसत बसले, कितीतरी वेळ. "अन् सांगू तरी कसा, बेटा? मी गेलोच नाही ना तिकडे. मी कोठीच गेलो नाही."

माझा सगळा राग कुठे गेला कळेना. फक्त त्या माणसाचा हात धरावा असं वाटलं, आणि मी तो पोरीसमोर धरला.

गुणाकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू जाय," ते ओवीला म्हणाले. "जाय, अन् पोचली का मले सांगजो, तिथं का आहे ते. मास्तर कसा बोलते, चहा कसा आहे, सगळं सांगजो."

"म्हणजे हौ म्हणून राह्यले का तुम्ही?"

"हौ."

एवढ्या एका शब्दासाठी पोरगी इतके दिवस अडून बसली होती. तो ऐकला आणि ती रडायला लागली. तिला बघून कंट्रोल रडायला लागले, आणि त्या दोघांना बघून गार्ड.